कळसाला घोंगडी

"ना लकडी, ना गॅस, ना लाइट!" तप्तानंद महाराजांनी दोन्ही हात वर केले. समोरची दीडशे माणसं गप झाली. "पाहा, डोळे फाडून पाहा! कुठं चूल दिसते? कुठं धूर दिसतो? सरपंच, मेन स्विच पाडा!"

यादोराव सरपंचांनी भिंतीवरचा स्विच खटकन पाडला. मठातला बल्ब विझला, भजनाचा भोंगा मुका झाला. महाराजांनी एका हातानं नंदीच्या गळ्याला मिठी मारली, त्याच्या कानात काहीबाही पुटपुटले, आणि ओट्याखालच्या सिमेंटच्या गोमुखातून पाण्याची धार सुटली. डिसेंबरातल्या त्या टळत्या दुपारी धारेतून वाफा निघत होत्या. पहिल्या बाईनं हात लावला आणि "अ माय!" म्हणून झटक्यात मागं घेतला. मग काय विचारता! हर हर महादेवचा गजर, रेटारेटी, आणि बादल्या, लोटे, प्लॅस्टिकच्या बाटल्या घेऊन धावणारी माणसं.

त्या गर्दीत सखाबाई होती. तेरा वर्षांच्या दुर्गाला काखेत धरून, कोपरानं वाट काढत ती गोमुखाशी पोचली. "महाराज, माह्या पोरीले पुढं घ्या जी. आज आठवा सोमवार हाय."

आता हा नंदी इथं कसा आला, ते सांगायला हवं. गोसीखुर्दच्या धरणात जुनं बोरपाखळी बुडालं, तेव्हा माणसं, ढोरं, घरांची दारं-खिडक्यासुद्धा नव्या गावठाणात आली. घाटावरच्या देवळातली महादेवाची पिंड मात्र निघाली नाही. लोखंडी सब्बल लावली, दोर बांधले, पंधरा गडी लटकले, पिंड जागची हलली नाही. शेवटी नंदीला तेवढं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलं आणि नव्या गावाच्या टोकाला, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसवलं. तेव्हापासून धानावर रोग पडला किंवा जाळ्यात मासा लागला नाही, की म्हातारी सत्यभामाबाई उसासा टाकायची, "देवाले बुडवून आलो आपून. मंग कसं भलं होईन?"

मासा कुठं बसतो हे पाहिल्याशिवाय ढिवर जाळं टाकत नाही. या बाबालाही गावाची दुखरी जागा पहिल्याच फेरीत सापडली. कोण कुठला, कोणाला ठाऊक नव्हतं. नावही त्यानंच स्वतःला ठेवलेलं. नंदीसमोर धाय मोकलून रडला आणि म्हणाला, "तुमचे महादेव बुडाले नाहीत रे! पाण्याखाली तपाला बसलेत. त्या तपाच्या तेजानं धरणाचं पाणी तापतं आणि एक दिवस नंदीच्या पायाशी येईल." यादोरावांनी पुढाकार घेतला. नंदीच्या मागं स्लॅबची खोली उठली, गच्चीला पुरुषभर उंच भिंती आल्या, भिंतींवरून भगव्या कापडात गुंडाळलेला एक गोल कळस डोकावू लागला. आणि खरंच पाणी आलं! गाव रडलं. देवानं आपल्याला माफ केलं, असं वाटून रडलं. त्या रडण्याची मला कीव येते. गावाला ज्यानं रडवलं, त्याची मात्र चीड येते.

गच्चीवर कोणी चढायचं नाही, हा महाराजांचा पहिला नियम. गच्चीची फक्त पाण्याकडची बाजू उघडी होती. धरणात डोंगा घेऊन जाणाऱ्या ढिवरांना तिथं काहीतरी लखलखताना दिसायचं. "देवाचा मुकुट हाय तो," महाराजांनी सांगितलं. झालं! सखाबाई आणि तिचा नवरा डोमा रोज जाळं टाकायच्या आधी डोंग्यात उभे राहून त्या लखलखाटाला हात जोडायचे.

दुर्गाला जन्मापासून सिकलसेल. तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग पोर गुडघे पोटाशी घेऊन ओरडते. उपकेंद्रातल्या ज्योत्सना सिस्टर महिन्याच्या महिन्याला गोळ्या द्यायच्या. रोज एक, चुकवायची नाही. गोळ्यांनी दुखणं कमी झालं होतं, पण संपलं नव्हतं. संपावं असं कोणत्या आईला वाटत नाही?

पहिल्या सोमवारी दुर्गानं त्या गरम धारेखाली पाय सोडले आणि म्हणाली, "माय, बरं वाटून राहिलं." सखाबाईनं तिथंच ओट्यावर कपाळ टेकलं. महाराज दाढीत हसले. "अकरा सोमवार. पण एक ध्यानात ठेव बाई. देव आणि गोळी एका घरात नांदत नाहीत."

सखाबाईनं गोळ्यांचा डबा फळीवर मागं सरकवून दिला.

ज्योत्सना सिस्टर घरी आल्या, तेव्हा सखाबाई त्यांच्यावर उखडली. "दहा वर्सं तुमच्या गोळ्या खाल्ल्या. झाली का बरी?"

"बरी नाही होत, सखाबाई. पण सांभाळल्या जाते. गोळी बंद नोको करू, पाया पडतो तुह्या."

"माह्या काहून पडता? नंदीच्या पडा. तुमच्या दवाखान्यात तर बाळंतिणीले पाणी तापवाले धड चूल नाही, अन् आमाले शिकवाले आल्या!"

बोलणं खोटं नव्हतं. बाळंतपणाच्या खोलीसाठी सोलर हीटर मंजूर होऊन दोन वर्षं झाली होती. कागदावर आला होता, खोलीवर आला नव्हता. विचारलं की यादोराव म्हणायचे, "येऊन राहिला, येऊन राहिला."

नववा सोमवार उजाडला तो आभाळ घेऊन. शनिवारपासून सूर्याचं तोंड दिसलं नव्हतं. एरवी असे दिवस आले की महाराज "देव मौनात आहेत" म्हणून दार लावून घ्यायचे आणि लोक मुकाट्यानं परत जायचे. पण त्या दिवशी यादोरावांनी चार गाड्या भरून पाहुणे आणले होते. दार लावायची सोय नव्हती. महाराजांनी नंदीच्या कानात मंत्र म्हटला आणि धार सुटली. बर्फासारखं पाणी! गर्दीत कुजबुज झाली.

बाबा मोठा हुशार. क्षणभरही गडबडला नाही. "पाप!" तो ओरडला. "या गर्दीत कोणीतरी शंका घेऊन आलंय! देव तोंड फिरवून बसलेत!" त्याची नजर फिरत फिरत दुर्गावर थांबली. "ही! हिच्या घरात अजून गोळ्या आहेत!"

सखाबाईला फळीवरचा डबा आठवला. गोळ्या होत्या, फळीवर होत्या. महाराजांना कसं कळलं? अगं बाई, सिकलसेलच्या पोरीच्या घरात गोळ्या असणार हे ओळखायला अंतर्ज्ञान लागतं होय? पण त्या वेळी हे सुचायला डोकं ठिकाणावर लागतं, आणि ते तिनं पहिल्याच सोमवारी ओट्यावर ठेवलं होतं.

"उभी कर तिला धारेखाली. अकरा गजर होईपर्यंत. देव परीक्षा घेतात!"

"माय, लय थंड हाय," दुर्गा म्हणाली.

"अकराच तं हायेत बेटा," सखाबाई म्हणाली, आणि तिनंच पोरीला दंडाला धरून धारेखाली उभं केलं.

पाचव्या गजराला दुर्गाचे ओठ निळे पडले. अकराव्याला ती खाली बसली. संध्याकाळी तिच्या किंकाळ्या तीन गल्ल्या पलीकडे ऐकू येत होत्या. डोमा मठात धावला. महाराज म्हणाले, "पीडा बाहेर पडते आहे." डोमा तिथून निघाला तो सरळ सिस्टरच्या दारात गेला. सिस्टरनी एकही वाकडा शब्द न बोलता १०८ला फोन लावला.

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात दुर्गा सात दिवस होती. दोन दिवस नाकाला ऑक्सिजन. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा सखाबाई पहिल्यांदा रडली. ज्योत्सना सिस्टर भेटायला आल्या होत्या.

"बाई, मले मारा दोन थापडा," सखाबाई म्हणाली. "मीच उभी केली तिले."

"मारून काय होते? ऐक. थंडी या आजाराची वैरीण हाय. थंडीनं नसा आकसतात अन् वाकड्या पेशी अडकतात. त्यात दोन महिन्यांपासून गोळी बंद."

"पण पयले तं तिले बरं वाटत होतं ना! ते खोटं होतं का?"

"खोटं काहून असंल? दुखत्या सांध्याले शेक मिळाला. तुह्या चुलीवरच्या पाण्यानंही मिळाला असता. शेक खरा हाय सखाबाई, महाराज खोटा हाय."

"मंग ते पाणी तापते कशानं?"

"ते मले दिसलं असतं तं दोन वर्सं काहून बोंबलत बसली असती?" सिस्टर म्हणाल्या. "गच्चीवर काय हाय, ते पाहू दे म्हणा त्याले."

गावी परतल्यावर सखाबाईनं आधी गोळ्यांचा डबा पुढं ओढला. मग अंगणात आली. आठ दिवसांपूर्वी वाळत घातलेली बारीक मासोळी चटईवर तशीच होती. सडून काळी पडलेली, घाण वास मारणारी. आभाळ होतं, वाळलीच नाही. ती चटई उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

मागं पोळ्यानंतर तीन दिवस मासोळी सडली होती. तेव्हा महाराज मौनात होते. दिवाळीच्या आधी दोन दिवस सडली. तेव्हाही मौनात. वर्षभराची सडलेली मासोळी तिला आठवली. नुकसान बाई विसरत नाही. आणि प्रत्येक खेपेला मठाचं दार बंद!

दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं. दुपारी ती डोमासोबत डोंग्यात गेली. मधोमध गेल्यावर तिनं पाण्यात हात घातला. वर कोमट. मग लांब वेळूला फडकं बांधून खोल बुडवलं, वर ओढलं आणि गालाला लावलं. गार!

"काय करून राहिली?" डोमा वैतागला.

"महादेव कुठं हाय?"

"तळाशी. जुन्या घाटावर."

"अन् तळचं पाणी थंडगार. जो तपाले बसला त्याच्याजवळ थंड, अन् उन्हाजवळ गरम. मंग तापवते कोण?"

डोमानं डोकं खाजवलं. "ऊन?"

"लहानपणापासून या पाण्यात पाय घालून हावो आपून. वरचं पाणी गरम असते अन् खालचं थंड, हे मासोळीलेही समजते. आपल्याले काहून नाही समजलं?" तिनं मान वर केली. मठाच्या गच्चीवर तो मुकुट लखलखत होता. आभाळाच्या दिवशी तो कधीच चमकला नव्हता. या खेपेला तिनं हात जोडले नाहीत.

मठावर चालून गेलो तर गाव आपल्यालाच हाणेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं वेगळीच वाट काढली. सोमवारी सकाळी ती नवी काळी घोंगडी ताटात घेऊन निघाली. पुढं डफडं, मागं पंधरा-वीस बायका, त्यांत ज्योत्सना सिस्टर, आणि बायकांच्या पुढं सत्यभामाबाई.

"महाराज! माही पोरगी वाचली. थंडीचे दिवस हायेत, देवाच्या कळसाले घोंगडी पांघरतो म्हणून नवस बोलली होती. वर चढू द्या."

महाराजांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. थंडीत देवाला पांघरूण घालायचं, यात कोणाला काय वावगं वाटणार? गर्दी "हो, हो" म्हणू लागली.

"कळसाला हात लावायचा नाही!"

"काहून जी?"

"तप्तेश्वर आहेत ते! त्यांना थंडी कसली?"

"अन् मागच्या खेपेले तं चांगलेच गारठले होते," सखाबाई म्हणाली. मागं कोणीतरी फिसकन हसलं.

"घोंगडीनं देव कोंडतील! कोप होईल! बाईमाणूस गच्चीवर चढली तर गावावर अरिष्ट येईल!"

"मंग डोमा चढन."

"पुरुषही नाही! कोणीच नाही!"

आता सत्यभामाबाई पुढं झाली. तिच्याइतकी भक्त गावात दुसरी नव्हती. दर सोमवारी उपास करणारी बाई. तिनं कमरेवर हात ठेवले. "नवस अडवतं का रे? अख्ख्या जिंदगीत मी असा साधू नाही पाह्यला. धर गा डोमा, सिडी लाव!"

डोमानं बांबूची शिडी लावली. महाराज अडवायला धावले, तर वीस बायका शिडीभोवती उभ्या राहिल्या. सखाबाई घोंगडी खांद्यावर टाकून वर चढली.

वर देव नव्हता, मुकुटही नव्हता. लोखंडी घोडीवर तिरप्या लावलेल्या वीस काळ्या काचेच्या नळ्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर भगव्या कापडात गुंडाळलेली आडवी टाकी. टाकीला दोन पाईप. एक बोअरच्या टाकीतून आलेला, दुसरा भिंतीतून खाली नंदीकडे गेलेला. सखाबाईनं कापड फर्रकन ओढलं. टाकीवर निळ्या रंगात अक्षरं होती. ती चौथी शिकलेली. एकेक अक्षर जुळवत तिनं वरूनच मोठ्यानं वाचलं.

"आरोग्य उपकेंद्र... बोरपाखळी... पुनर्वसन. बाळंतपणाची खोली."

खाली सगळ्यांच्या माना ओट्याजवळ उभ्या यादोरावांकडे वळल्या. मग बायकांमधून ज्योत्सना सिस्टरचा आवाज आला. "यादोरावजी, हाच का तो येऊन राह्यलेला हीटर?"

यादोरावांनी खिशातून फोन काढून कानाला लावला. तो वाजला नव्हता.

सिस्टर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढल्या आणि गर्दीला सांगू लागल्या. "याले सोलर म्हणतात. काळ्या नळ्या ऊन खातात, त्यातलं पाणी तापते. गरम पाणी हलकं, ते वर टाकीत चढते. थंड जड, ते खाली नळीत उतरते. दिवसभर असं फिरत राह्यते. टाकी थर्मासासारखी, रातभर पाणी गरम ठेवते. लाकूड लागत नाही, गॅस नाही, लाइट नाही. महाराज खरंच बोलत होते. फक्त सूर्याचं नाव तेवढं घेत नव्हते."

"अन् धार कोण सोडते?" कोणीतरी विचारलं.

डोमा नंदीच्या मागं गेला. झेंडूच्या माळा बाजूला केल्या, तर शेपटीखाली पितळी कॉक! महाराज नंदीच्या कानात मंत्र म्हणायचे तेव्हा सारं गाव नंदीच्या तोंडाकडे पाहायचं. महाराजांचा डावा हात शेपटीशी काय करतो, हे एकानंही पाहिलं नव्हतं.

तरी बाबा हटेना. असल्यांची जीभ शेवटपर्यंत मरत नाही. "अज्ञान्यांनो! यंत्र तर निमित्तमात्र आहे! तेज महादेवांचंच!"

"बरं," सखाबाई वरून म्हणाली. "महादेवाचं असंल तं घोंगडीतूनही तापन." तिनं नळ्यांवर घोंगडी पसरली, टोकं दोरीनं घट्ट बांधली, आणि तिथंच पाय सोडून बसली. "डोमा, टाकीतलं कालचं गरम पाणी सारं सोडून दे. आता चार वाजेपर्यंत पाहू."

कोणी घरी गेलं नाही. ऊन असं कडक पडलं होतं, की सखाबाईच्या अंगणात मासोळी दुपारीच कडकडीत वाळली. दोन वाजता महाराज 'संध्येला' म्हणून काखेत पोथी मारून निघाले. ही पोथी लाल कापडात बांधलेली असायची, रोज तिची पूजा व्हायची, उघडायची मात्र कोणालाच परवानगी नव्हती. सत्यभामाबाईनं ती हिसकावली. गाठ सुटली आणि पोथी ठणकन महाराजांच्या पायाशी पडली. मोठा पाइपपाना, टेफलॉनच्या टेपचं रीळ आणि दोन वायसर! पान्याच्या दांड्यावर खिळ्यानं नाव कोरलेलं होतं. विक्की.

"विक्की महाराज की..." एक पोरगा ओरडला. जय कोणी म्हटलं नाही.

चार वाजता कॉक सोडला. एकेकानं येऊन हात लावला. पाणी थंड होतं. सिस्टरनी जादूटोणा विरोधी कायद्याखाली तक्रार लिहून ठेवली होती. खाली पहिली सही डोमानं केली. पोलिसांची गाडी आली, तेव्हा विक्की नंदीच्या ओट्यावर मुकाट बसला होता, आणि यादोरावांचा फोन अजून कानालाच होता.

सगळे पांगले, सत्यभामाबाई मात्र तशीच बसून राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सखा, मंग देवानं आपल्याले माफ नाहीच केलं?"

सखाबाईनं खाली उतरून तिचा हात धरला. "मावशी, देव होता तिथंच हाय, थंड पाण्यात. बिमार पोरीले धारेखाली उभी कर, असं त्यानं कोणालेच नाही सांगितलं. सांगणारा माणूस होता, अन् ऐकणारी मी होती. माफी मले माह्या पोरीची मागा लागते."

हीटर उपकेंद्राच्या छतावर गेला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी चंदा नावाच्या पोरीला मुलगा झाला. बाळाला पहिल्यांदा न्हाऊ घालताना सिस्टरनी नळ सोडला आणि कोपर बुडवून पाणी पाहिलं. कोणाच्याच कानात मंत्र म्हणावा लागला नाही.

पण बातमी चमत्काराची जितकी लांब जाते, तितकी चोरीची जात नाही. दर सोमवारी लांबलांबची माणसं अजून येतात. म्हणून सखाबाईनं आपली मासोळीची चटई आता नंदीशेजारी टाकली आहे. परवा नाकाडोंगरीहून एक बाई आली. कडेवर पाच वर्षांचं लेकरू, दोन शालींत गुंडाळलेलं, डोळे पिवळसर.

"नंदीचं गरम पाणी इथंच भेटते का जी?"

सखाबाईनं लेकराकडे पाहिलं. मग त्या बाईच्या पिशवीतून डोकावणाऱ्या सिकलसेलच्या कार्डाकडे पाहिलं.

"गोळ्या बंद केल्या?"

बाई घुटमळली. "अजून नाही. इथं आल्यावर करा लागते म्हणतात."

सखाबाई चटईवरून उठली. "मी केल्या होत्या. माही पोरगी मरता मरता वाचली. चाल, सिस्टरकडे नेतो तुले. अन् बाई, यापुढं कोणी चमत्कार दाखवला, तं हात मागून जोडजो. पयले शिडी लावून वर काय हाय ते पाहून घेजो."